एडमंटनचे सात रुग्ण

मधुमेहाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा वाढलेल्या साखरेबद्दल बोलतो. ज्या घरात टाइप वन मधुमेहाचं माणूस आहे त्या घराला मात्र उतरलेल्या साखरेची धास्ती जास्त असते. इन्सुलिन जरा जास्त टोचलं गेलं, जेवायला जरा उशीर झाला, की साखर भराभर खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. ही शरीराने दिलेली सूचना असते. ती मिळाली की माणूस साखर तोंडात टाकतो आणि सावरतो. पण आजाराला वीस-तीस वर्षं झाली की काही जणांच्या शरीराची सूचना देण्याची ताकदच निघून जाते. घाम येत नाही, थरथर होत नाही, माणूस बोलता बोलता एकदम बेशुद्ध पडतो. गाडी चालवतानाही पडतो, झोपेतही पडतो. अशा घरात कोणी ना कोणी रात्री उठून त्याचा श्वास नीट चालू आहे ना हे पाहत असतं.

१९९९ च्या मार्चपासून कॅनडातल्या एडमंटन शहरात, अल्बर्टा विद्यापीठात, जे सात रुग्ण एका प्रयोगाला तयार झाले, त्यांचा मधुमेह असाच हाताबाहेर गेलेला होता. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे त्यांच्याबद्दल जगभर जे छापून आलं त्यात नेमकी हीच गोष्ट मागे पडली.

त्यांच्यावर जो प्रयोग झाला त्याची कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी होती.

स्वादुपिंडाचा जवळजवळ सगळा भाग पाचक रस बनवण्यात गुंतलेला असतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, म्हणजे बीटा पेशी, त्या मांसात विखुरलेल्या बारीक पुंजक्यांत राहतात. असे पुंजके सुमारे दहा लाख, पण सगळे मिळून ग्रंथीच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या एकविशीतल्या विद्यार्थ्याने १८६९ च्या आपल्या प्रबंधात त्यांचं पहिलं वर्णन केलं, आणि त्यांचं काम काय हे आपल्याला ठाऊक नाही असंही सरळ लिहून टाकलं. पुढे क्षयाने गाठल्यावर तो हवापालटासाठी मदीरा बेटावर गेला आणि १८८८ मध्ये तिथेच वारला. दुसऱ्याच वर्षी स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. आणखी चार वर्षांनी लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना ‘लांगरहान्सची बेटं’ हे नाव दिलं.

त्याच वर्षी, म्हणजे १८९३ च्या डिसेंबरमध्ये, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात पंधरा वर्षांचा एक मुलगा मधुमेहाने मरणाच्या दारात होता. पॅट्रिक वॉटसन-विल्यम्स या डॉक्टरने नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे शस्त्रक्रिया करून त्याच्या कातडीखाली बसवले. मुलगा तीन दिवसांनी गेला. इन्सुलिन हा शब्दही तेव्हा जन्माला आला नव्हता आणि परक्या मांसाला शरीर का झिडकारतं हेही कोणाला समजलेलं नव्हतं. तरीही इंजेक्शनने इन्सुलिन देण्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी एका माणसाने योग्य दिशेने हात घातला होता. या प्रयत्नाची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आहे आणि त्या मुलाची आठवण या इतिहासात पहिल्या पानावर असायला हवी असं मला वाटतं.

१९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन मिळालं आणि प्रत्यारोपणाची कल्पना मागे पडली. ते साहजिकच होतं. काही आठवड्यांत मरणारी मुलं आता जगू लागली होती. ती मोठी झाल्यावर दहा-वीस वर्षांनी दुसरी गोष्ट लक्षात आली, की डोळे, मूत्रपिंडं, मज्जातंतू हळूहळू खराब होत आहेत. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन क्षणाक्षणाच्या साखरेकडे बघून कमीजास्त होत नाही, पेशी मात्र होतात. त्यामुळे पेशींकडे परत जाणं भाग होतं.

परत जायचं तर आधी त्या पेशी हातात यायला हव्यात, आणि खरी वर्षं गेली ती यातच. स्वादुपिंड हे पाचक रसांचं कोठार. ते कापलं की रस सुटतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. अशा मांसातून खसखशीच्या दाण्याहूनही बारीक पुंजके जिवंत बाहेर काढायचे होते. पोलंडच्या मॉस्कालेव्स्कीने १९६५ मध्ये गिनीपिगच्या ग्रंथीवर कोलॅजिनेज हे विकर वापरून पाहिलं. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे धागे ते विरघळवतं. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल लेसी हे विकृतिशास्त्रज्ञ बीटा पेशींचा अभ्यास करत होते. त्यांनी आणि मेरी कोस्टियानोव्स्की यांनी उंदराच्या ग्रंथीच्या नलिकेतून द्रव आत सोडून ती आधी फुगवली. त्यामुळे मांस आतूनच सैल झालं आणि विकराला वाट मिळाली. १९६७ मध्ये त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये बॅलिंजर आणि लेसी यांनी मधुमेही उंदरांमध्ये अशी बेटं सोडून त्यांची साखर खाली आणली. वर्षभरात आणखी एक गोष्ट कळली. यकृताला रक्त नेणाऱ्या प्रवेशिनी शिरेत बेटं सोडली तर ती यकृताच्या बारीक वाहिन्यांत अडकून बसतात, तिथे रुजतात आणि थोडक्या संख्येतही काम करतात. आजही बहुतेक ठिकाणी तीच जागा वापरतात.

उंदरात जमलं म्हणून माणसात लगेच जमलं नाही. माणसाचं स्वादुपिंड चिवट, तंतूंनी भरलेलं. विकर थोडा वेळ ठेवलं तर बेटं सुटत नाहीत, जास्त वेळ ठेवलं तर सुटलेली बेटंही विरघळतात. मिनेसोटा विद्यापीठात १९७४ पासून दात्यांच्या पेशी रुग्णांना देऊन पाहिल्या, पण इन्सुलिन कोणाचं सुटलं नाही. तिथेच १९७७ मध्ये मात्र वेगळ्या तऱ्हेचा प्रयोग झाला. स्वादुपिंडाच्या जुनाट, असह्य दुखण्यामुळे ज्यांची ग्रंथी काढावी लागे, त्यांना त्यांचीच बेटं यकृतात परत दिली. ती टिकली. म्हणजे यकृतातली जागा वाईट नव्हती. अडचण होती ती परक्या पेशींना शरीर हाकलून देतं ही, आणि टाइप वनच्या रुग्णांत तर ती दुहेरी होती, कारण ज्या चुकलेल्या प्रतिकारशक्तीने मूळच्या बीटा पेशी मारल्या तीच नव्यांनाही ओळखत होती.

बेटं काढण्याचा प्रश्न सोडवला कामिल्लो रिकोर्दी या इटालियन डॉक्टरने. मिलानहून तो लेसींच्या प्रयोगशाळेत शिकायला आला होता. त्याने पोलादाचं एक बंद भांडं बनवलं. त्यात विकराने भरलेलं स्वादुपिंड आणि पोलादी गोळ्या ठेवायच्या, कोमट द्रव फिरवत ठेवायचा आणि भांडं हलवत राहायचं. वरच्या बाजूला चाळणी. जे बेट सुटेल ते द्रवाबरोबर चाळणीतून लगेच बाहेर पडतं, विकराच्या तावडीत राहत नाही. मधूनमधून नमुना काढून डायथायझोन हा रंग टाकला की बेटं लाल दिसतात आणि कधी थांबायचं ते कळतं. १९८८ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. जगभर आजही या कामासाठी रिकोर्दीचंच भांडं वापरतात. एका यंत्रावर इतक्या माणसांची आशा इतकी वर्षं टेकलेली असणं दुर्मिळच.

हातात पेशी आल्या आणि तरीही नव्वदचं दशक निराशेत गेलं. १९९० नंतर जगात २६७ प्रत्यारोपणं झाली. त्यांतल्या फक्त १२.४ टक्के रुग्णांना आठवड्याहून जास्त काळ इन्सुलिनशिवाय राहता आलं, वर्षाहून जास्त काळ ८.२ टक्क्यांना. अनेक केंद्रांनी काम सोडलं, पैसा देणाऱ्यांनी हात आखडला.

कारण शोधलं तर ते औषधांतच होतं. परक्या अवयवाला शरीराने झिडकारू नये म्हणून त्या काळी स्टिरॉइड दिलंच जाई. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणात त्याचा फार उपयोग. पण स्टिरॉइड साखर वाढवतं, शरीराला इन्सुलिन दाद देईनासं करतं आणि बीटा पेशींवर ताण आणतं. ज्या नाजूक पेशी वाचवायच्या, त्यांनाच वाचवणाऱ्या औषधाचा मार बसत होता. हे पुष्कळांना दिसत होतं. पण स्टिरॉइड सोडलं आणि शरीराने पेशी मारल्या तर काय, या भीतीने ते सोडायला कोणी धजत नव्हतं.

एडमंटनमध्ये रे रजोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरचं काम वर्षानुवर्षं नेटाने चालवलं होतं. जेम्स शपिरो हा इंग्लंडहून आलेला तरुण शल्यविशारद त्यांना येऊन मिळाला. बेटं काढण्याची जबाबदारी जोनाथन लेकी यांच्याकडे, रुग्णांची बाजू एडमंड रायन यांच्याकडे. या मंडळींनी स्टिरॉइड पूर्ण वगळलं. त्याऐवजी तीन औषधं घेतली. डॅक्लिझुमॅब हे सुरुवातीच्या काळापुरतं प्रतिपिंड, टॅक्रोलिमस अगदी कमी मात्रेत, आणि सिरोलिमस.

या सिरोलिमसची कथा थोडं थांबून सांगण्यासारखी आहे. १९६४ च्या अखेरीस कॅनडातून एक वैद्यकीय मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिने आणलेले मातीचे नमुने माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत पोहोचले. तिथे सुरेन्द्र नाथ सहगल काम करत होते. आता पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा जन्म, बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण, ब्रिस्टलला डॉक्टरेट. त्या मातीतल्या जिवाणूंपासून त्यांच्या गटाने बुरशी मारणारा पदार्थ वेगळा केला. बेटाचं तिथल्या लोकांचं नाव रापा नुई, म्हणून हा रापामायसिन. तो प्रतिकारशक्ती दाबतो हे लक्षात आलं तेव्हा बुरशीनाशक म्हणून त्याचं भवितव्य संपलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळाच बंद झाली. सहगल यांनी जाण्यापूर्वी एक शेवटचा घाणा काढला, तो घरच्या फ्रीझरमध्ये जपला आणि बिऱ्हाडाबरोबर न्यू जर्सीला नेला. काही वर्षांनी कंपनीचे वरिष्ठ बदलल्यावर त्यांनी पाठपुरावा करून ते काम पुन्हा सुरू करवलं. अमेरिकेत १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी सिरोलिमसला मान्यता मिळाली. तोवर एडमंटनच्या पहिल्या रुग्णाच्या शरीरात ते काम करू लागलं होतं. सहगल २००३ मध्ये गेले. वरिष्ठांनी बंद केलेलं काम एका माणसाने स्वतःच्या घरी जपून ठेवलं नसतं तर हे औषध त्या सात जणांपर्यंत पोहोचलं नसतं, हे मला फार मोठं वाटतं.

औषधं बदलली तसं आणखीही काही बदललं. बेटं काढल्यावर ती साठवून न ठेवता ताजीच द्यायची, आणि एका दात्याची पुरली नाहीत तर दुसऱ्याची वाट पाहून पुन्हा द्यायची. सहा रुग्णांना दोन-दोन दात्यांची लागली, एकाला तिसऱ्यांदाही द्यावी लागली. सरासरीने दर किलो वजनामागे साडेअकरा हजारांच्या आसपास बेटं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सात लाख. पोट उघडायची गरज नव्हती. जागा बधिर करून बरगड्यांच्या खालून बारीक नळी यकृतातून प्रवेशिनी शिरेत न्यायची आणि पिशवीतला द्रव हळूहळू आत सोडायचा.

सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. एकाचंही राहिलं नाही. साखरेअभावी बेशुद्ध पडणंही थांबलं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या २७ जुलै २००० च्या अंकात निबंध छापून आला. त्याचं महत्त्व ओळखून नियतकालिकाने तो जूनमध्येच संकेतस्थळावर ठेवला होता. ८.२ टक्क्यांवरून एकदम सातापैकी सात. वर्तमानपत्रांना मधुमेह बरा झाल्याची बातमी मिळाली. मुलाला टाइप वन असलेल्या आईबापांनी ती कशी वाचली असेल हे सांगायला नको.

त्या निबंधात रुग्णांवर देखरेख ठेवल्याचा मध्यक काळ बारा महिन्यांचाही नव्हता. उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या नऊ केंद्रांनी हीच पद्धत ३६ रुग्णांवर वापरली. त्याचे आकडे २००६ मध्ये आले. वर्षअखेर १६ जण इन्सुलिनशिवाय होते, १० जणांत पेशी थोडंफार काम करत होत्या, १० जणांत काहीच उरलं नव्हतं. दोन वर्षांनी त्या १६ पैकी ५ उरले. एडमंटनच्याच २००५ च्या अहवालात पाच वर्षांनंतर इन्सुलिनशिवाय राहिलेले दहा टक्क्यांच्या आसपास दिसत होते. औषधांमुळे तोंडात फोड येत, मूत्रपिंडांवर भार पडे. आता सूर पालटला. प्रयोग फसला असं म्हटलं जाऊ लागलं.

इथे माझं मत त्या बातम्यांहून वेगळं आहे. फसला होता तो मोजण्याचा निकष. त्याच २००५ च्या अहवालात पाच वर्षांनीही सुमारे ८० टक्के रुग्णांच्या रक्तात सी-पेप्टाइड सापडत होतं, म्हणजे बेटं थोडंफार का होईना स्वतःचं इन्सुलिन बनवत होती. टोचावं लागणारं इन्सुलिन बंद झालेलं नसलं तरी या थोड्याशा पेशी साखर उतरू लागताच हात आखडता घेत आणि बेशुद्ध पडणं टळे. ते सात जण सुईचा कंटाळा आला म्हणून आले नव्हते. आपण कुठेही, कधीही कोसळू या भीतीतून त्यांना सुटायचं होतं. बातम्या इंजेक्शनं मोजत राहिल्या.

डॉक्टरांनी हे हळूहळू दुरुस्त केलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००८ पासून बेटांच्या प्रत्यारोपणाचा खर्च उचलायला सुरुवात केली, ती वारंवार बेशुद्ध पडणाऱ्या आणि सूचना न मिळणाऱ्या रुग्णांसाठी. २०१६ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ४८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिची मुख्य कसोटीच अशी होती की तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणि बेशुद्ध पडणं शून्य. वर्षअखेर ८७.५ टक्के रुग्ण या कसोटीला उतरले. इन्सुलिन मात्र निम्म्यांचंच सुटलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शिकागोच्या सेलट्रान्स कंपनीच्या दाता-पेशींना मान्यता दिली ती २८ जून २०२३ रोजी, एडमंटननंतर तेवीस वर्षांनी. अभ्यासातल्या ३० रुग्णांपैकी २१ जण वर्षभर किंवा जास्त काळ इन्सुलिनशिवाय राहिले होते, त्यांतले १० जण पाच वर्षांहून अधिक.

दुसरा प्रश्न, दात्यांच्या तुटवड्याचा, तसाच होता. एडमंटनच्या प्रयोगाच्या काळात अमेरिकेत वर्षाला सहा हजारांच्या आसपास मृत दाते मिळत. टाइप वनचे रुग्ण दहा लाखांहून जास्त. प्रत्येकाला दोन दाते लागले तर हिशोब कधीच जुळणार नव्हता.

हार्वर्डचे डग्लस मेल्टन बेडकाच्या भ्रूणाचा अभ्यास करत होते. १९९१ मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला टाइप वन झाल्याचं निदान झालं आणि त्यांनी सगळं काम बदललं. मूळ पेशींपासून बीटा पेशी घडवायच्या असं ठरवलं. दहा वर्षांनी मुलीलाही तोच आजार झाला. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने भ्रूणातल्या मूळ पेशींवरच्या संशोधनाचा निधी आवळला, तेव्हा त्यांनी खासगी पैशातून नव्या पेशीवंशावळी तयार केल्या आणि इतर संशोधकांना मोफत वाटल्या. गर्भात स्वादुपिंड ज्या टप्प्यांनी घडतं ते टप्पे प्रयोगशाळेत एकापाठोपाठ एक, योग्य रसायनं योग्य दिवशी घालून, घडवून आणायचे होते. २०१४ मध्ये त्यांच्या आणि कॅनडातल्या कीफर यांच्या गटाने ते जवळजवळ एकाच वेळी साधलं.

या वाटेवर पुण्याचंही पाऊल आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात रमेश भोंडे यांच्या प्रयोगशाळेने बेटांवर आणि त्यांच्या पुनर्निर्मितीवर बरीच वर्षं काम केलं. तिथे तयार झालेले आनंदवर्धन हर्डीकर पुढे अमेरिकेत गेले. माणसाच्या बेटांतल्या पेशी रूप बदलून वाढू शकतात असं मांडणारा २००४ चा ‘सायन्स’मधला निबंध गेर्शेनगोर्न यांच्याबरोबर त्यांचाच. उंदरांवरच्या नंतरच्या अभ्यासांनी त्या निष्कर्षाला आव्हान दिलं. तो वाद झाला हेही चांगलंच झालं. कोणत्या पेशीतून कोणती पेशी येते हे तपासण्याच्या कसोट्या त्यातून कडक झाल्या.

मेल्टन यांच्या कंपनीच्या पेशी व्हर्टेक्स या औषध कंपनीकडे गेल्या आणि २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या यकृतात पोहोचल्या. २०२५ च्या जूनमध्ये निष्कर्ष छापून आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षअखेर सुटलेलं होतं. साखर उतरून बेशुद्ध पडणं सुरुवातीच्या ९० दिवसांनंतर बाराही जणांत थांबलं होतं. दात्याची वाट पाहावी लागली नव्हती. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तशीच, जन्मभराची. चाचणीतले दोन रुग्ण दगावले. एकाचा मृत्यू मेंदूच्या आवरणाला झालेल्या बुरशीच्या संसर्गाने झाला, आणि दाबलेल्या प्रतिकारशक्तीत असा संसर्ग शिरतो. दुसऱ्याला आधीपासून असलेला मेंदूचा विकार बळावला होता. बारापैकी दहाच्या आकड्याशेजारी हे दोन मृत्यूही लिहायलाच हवेत.

म्हणून आता सगळ्यांचं लक्ष औषधांशिवाय पेशी टिकवण्याकडे आहे. स्वीडनच्या उप्सालामध्ये, ३७ वर्षं टाइप वन असलेल्या एका ४२ वर्षांच्या माणसाच्या दंडाखालच्या हाताच्या स्नायूत जनुकं बदललेल्या दाता-पेशी घातल्या गेल्या. शरीराला त्या परक्या वाटू नयेत म्हणून त्यांच्यावरच्या ओळखीच्या खुणा काढल्या होत्या आणि भक्षक पेशींना दूर ठेवणारी एक खूण जास्तीची लावली होती. त्याला प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध दिलं नाही. बारा आठवड्यांनी पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. हा अहवाल २०२५ च्या ऑगस्टमध्ये आला. सुरक्षितता पाहायची म्हणून मात्रा मुद्दामच छोटी ठेवली होती, त्यामुळे त्या माणसाला रोजचं इन्सुलिन घ्यावं लागतंच. पूर्ण मात्रेत, अनेक रुग्णांत आणि काही वर्षं हे टिकतं का, हे अजून पाहायचं आहे.